शेजारच्या सीटपुढचा ब्रेक

ब्रेकबाईंच्या चपलांचा जोड कधी एका वेळी झिजला नाही. डावी चप्पल नव्यासारखी चकचकीत आणि उजवीच्या तळाला भोक, असं दर वेळी. चपला शिवणाऱ्यानं एकदा न राहवून विचारलं, “बाई, घरून लंगडी घालत येता का हो?”

“लोक गाडी चालवतात, मी थांबवते,” बाई म्हणाल्या. “थांबवायला एकच पाय पुरतो. शिव मुकाट्यानं.”

बाईंनी पदवी घेतली इतिहासाची आणि आयुष्य काढलं क्लच आणि गिअर शिकवण्यात. टपावर पाटी मिरवणारी एक जुनी चौकोनी गाडी, हीच त्यांची शाळा. या गाडीत चालवणाऱ्याच्या पायाशी असतो तसाच आणखी एक ब्रेक शेजारच्या सीटपुढे, म्हणजे बाईंच्या पायाशी बसवलेला होता. शिकणारा गोंधळला आणि भिंत जवळ यायला लागली, की बाई तो दाबत. इतकी वर्षं दाबत आल्या होत्या, की डोक्याला विचारायची पद्धत त्यांच्या पायानं केव्हाच सोडून दिली होती. बसमध्ये बसल्या तरी पाय दाबणार. दाताच्या डॉक्टरनं यंत्र तोंडाजवळ आणलं तरी पाय दाबणार. सिनेमात नायकाची गाडी कड्याकडे सुटली तेव्हा बाईंनी समोरच्या खुर्चीला असा काही पाय मारला, की तिच्यावर बसलेल्या गृहस्थांच्या मक्याच्या लाह्या त्यांच्याच डोक्यावर पडल्या. ब्रेकबाई हे नाव पडलं ते काही उगाच नाही.

अशा बाईंच्या घरी मुंगी राहायला आली.

मुंगी म्हणजे बाईंच्या मुलाची मुलगी, वय वर्षं नऊ. दात आले तेव्हा बापाला कडकडून चावायची, म्हणून त्यानंच हे नाव ठेवलं होतं. एकाच तापानं आधी तो गेला, पाठोपाठ सून गेली. याहून जास्त लिहून कोणाचं भलं होणार नाही. घर भरून नातेवाईक बसले होते आणि पोरीचं काय करायचं यावर हलक्या आवाजात, म्हणजे पोरीला नीट ऐकू जाईल अशा आवाजात, बोलत होते. शेवटी ठरलं ते असं. मुंगीच्या मामाचं घर मोठं, त्याला तिच्याच वयाच्या दोन मुली. तेव्हा ती कायमची राहणार मामाकडे. पण त्याचं गाव दूर आणि शाळेचं वर्ष अर्धं सरलेलं. वार्षिक परीक्षा होईपर्यंत तिनं इथेच, आजीकडे राहावं.

“तोवर बघते मी,” बाई म्हणाल्या.

‘तोवर’ हा शब्द त्यांना बरा वाटला. त्याला शेवट होता. शेवट असलेली कुठलीही गोष्ट निभावून नेता येते, असं त्यांचं मत होतं.

मुंगी एक निळी बॅग घेऊन आली. बाईंनी कपाटातला एक खण रिकामा करून, पुसून, त्यात कागद घालून ठेवला होता. मुंगीनं खणाकडे बघितलं, “छान आहे” म्हणाली आणि कपडे बॅगेतच राहू दिले. धुऊन, वाळून, घडी झालेला फ्रॉक पुन्हा बॅगेत. कंगवा बॅगेत. ओला ब्रशसुद्धा कागदात गुंडाळून बॅगेत. एखादी प्रवासी बाई धर्मशाळेत उतरावी तशी ती त्या घरात उतरली होती.

“दूध घेतेस?”

“चालेल.”

“अंडं खातेस?”

“चालेल.”

“शाळेत काय झालं आज?”

“चालेल.”

बाईंना लाड करता येत नसत. पाठीवरून हात फिरवायला गेल्या की तो हात पोक काढून बसू नकोस म्हणून सांगायला आल्यासारखा वाटे. त्यांना येत होत्या फक्त सूचना, मग त्यांनी त्या दिल्या. सरळ बस. समोर बघ. घाई करू नकोस, पण रेंगाळूही नकोस. पोर ऐकायची. एवढी ऐकणारी पोर बाईंनी जन्मात पाहिली नव्हती आणि त्यांना ते अजिबात आवडलं नाही. जो शिकाऊ काहीच चुका करत नाही तो एक दिवस थेट खड्ड्यात जातो, हा त्यांचा अनुभव होता.

कोंडी फुटली ती स्वयंपाकघरात. ते एवढंसं, दोघी एकदम वळल्या तर एकीचं कोपर दुसरीच्या नाकात जाईल असं. एका सकाळी बाई चहाचं पातेलं घेऊन वळल्या, मुंगी दुधाचा पेला घेऊन वळली, आणि व्हायचं तेच झालं. अर्धा चहा आणि सगळं दूध बाईंच्या अंगावर.

“वळायच्या आधी हात दाखवायचा!” बाई ओरडल्या. “मागून कोण येतंय ते बघायचं! डोळे काय शोभेला दिलेत?”

ओरडून झाल्यावर त्यांनी जीभ चावली. आई-बाप गेलेल्या पोरीवर कोणी असं ओरडतं का? पोरीचा चेहरा मात्र कोराच होता. ती फडकं घेऊन खाली बसली आणि फरशी पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ओट्याशी उभ्या असताना मुंगी दारात आली. तिनं उजवा हात लांब बाहेर काढला, मान मागे वळवून रिकाम्या खोलीकडे बघितलं, तोंडानं “पॉंप पॉंप” केलं आणि मगच आत वळली.

बाईंनी हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं. “फार लवकर वळलीस,” त्या म्हणाल्या. “हात दाखवून थोडं थांबायचं असतं.”

“मागे कोणी नव्हतं.”

“नसलं तरी.”

मुंगी परत दाराबाहेर गेली आणि पुन्हा सगळं नीट करून आत आली. या वेळी पॉंप पॉंप करताना तिच्या गालाचा एक कोपरा हलला. त्या दिवसापासून त्या घरात हात दाखवल्याशिवाय कोणी वळलं नाही. शेजारीण साखर मागायला आली तर तिलाही मुंगीनं दारात अडवून हात दाखवायला लावला.

शाळा सुटल्यावर घरी कोणी नसे, म्हणून बाई तिला शाळेतून उचलत आणि मागच्या सीटवर टाकून पुढची शिकवणी घेत. त्या वेळेचा शिकाऊ म्हणजे चौकातला औषधवाला. माणूस गोड, पण गाडीत बसला की त्याचा औषधांवरचाही विश्वास उडे. तो गाडी चालवत नसे, गाडीला फिरायला नेत असे. पायी चाललेले लोक त्याला मागे टाकून जात. वर्षभर शिकत होता आणि परीक्षेत तीनदा आपटला होता.

एकदा रस्त्यावर एक कबूतर दाणे टिपत होतं. औषधवाल्यानं गाडी थांबवली. कबूतर हलेना. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे सुरू झाले.

“अहो, चला की,” बाई म्हणाल्या.

“बाई, ते समोर आहे ना.”

“मग काय त्याला उतरून नमस्कार करता?”

तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला, “काका, त्याला पंख आहेत.”

“अं?”

“कबुतराला. पंख आहेत. तुम्ही गेलात की ते उडतं. तुम्ही गेलाच नाहीत तर ते कशाला उडेल?”

औषधवाल्यानं यावर विचार केला. मग क्लच सोडला, गाडी पुढे सरकली आणि कबूतर उडालं. त्याला इतका आनंद झाला, की पुढच्या कोपऱ्यापर्यंत तो चक्क तिसऱ्या गिअरमध्ये गेला.

तेव्हापासून मुंगीनं मागची सीट ताब्यात घेतली. बाईंची वाक्यं बाईंच्याच आवाजात मागून यायला लागली. “आरसा काय भांग पाडायला आहे का, काका?” “गिअर आहे तो, पंप नाही.” “काका, श्वास घ्या.” हे शेवटचं मात्र तिचं स्वतःचं होतं, आणि औषधवाल्याला नेमकं त्याचाच उपयोग झाला. बाईंनी एकदा मान वळवून बघितलं तर पोर सीटच्या टोकावर बसलेली, डोळे रस्त्यावर, दोन्ही हातांनी पुढची सीट धरलेली. आली तेव्हा ‘चालेल’पलीकडे न बोलणारी हीच का ती, असं त्यांना वाटलं.

आणि एक दिवस काच पुसायचं फडकं काढायला बाईंनी गाडीचा पुढचा कप्पा उघडला, तर त्यातून एक मोजा बाहेर पडला. मोज्याच्या मागे कंगवा, त्यामागे खोडरबर ठेवायची पत्र्याची डबी, एक कापडी ससा आणि कागदात गुंडाळलेला दात घासायचा ब्रश. मागच्या सीटखाली बघितलं तर तिथे पुस्तकं. काचेजवळच्या फळीवर घडी घातलेला स्वेटर. निळी बॅग अर्धी रिकामी झाली होती. पोरीनं सामान लावलं होतं. घरातल्या खणात नाही, तर गाडीत.

बाईंनी सगळं होतं तसं ठेवलं आणि काच पदरानंच पुसली. त्या दिवशी शिकाऊंवर त्या नेहमीपेक्षा जास्त ओरडल्या, पण आवाजात दम नव्हता. ‘तोवर’ हा शब्द आता त्यांना बरा वाटेनासा झाला होता. हे मात्र त्या कोणाला सांगणार? मामाला शब्द दिलेला. मामाकडे दोन बहिणी, बाग, वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली. इथे काय, तर हात दाखवल्याशिवाय वळता येत नाही असं स्वयंपाकघर आणि गुडघे वाजणारी म्हातारी. पोरीला थांब म्हणायचं म्हणजे तिच्या पुढे पाय घालायचा. चालवणारा आपल्या वाटेनं नीट चाललेला असताना ब्रेक दाबू नये, हे बाई आयुष्यभर शिकवत आल्या होत्या. स्वतःला ते फारसं जमलं नव्हतं, तो भाग वेगळा.

मामाचा फोन अधूनमधून यायचा.

“काकू, कंटाळत नाही ना हो ती?”

“मी कंटाळते,” बाई म्हणायच्या. “ती मजेत आहे.”

परीक्षा झाली. मामा रविवारी येणार असं ठरलं. आदल्या दिवशी औषधवाल्याची चौथी परीक्षा होती, बाईंच्याच गाडीतून. सकाळी बाई कप्प्यातून फडकं काढायला गेल्या तर कप्पा रिकामा. ससा नाही, डबी नाही, मोजा नाही. सीटखालची पुस्तकं गेली, स्वेटर गेला. वर घरात जाऊन बघतात तर निळी बॅग फुगून टम्म.

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे पोरीनं आपणहून आवरलं. जायची तयारी झाली. ठीक आहे, यात वाईट काय? असंच ठरलं होतं. त्यांनी काच इतकी घासली, की औषधवाला येऊन म्हणाला, “बाई, तिला चष्म्याचा नंबर लागेल.” कोणी हसलं नाही. मग त्या वर गेल्या, बॅग उचलली आणि दाराजवळ नेऊन ठेवली. शेवटच्या क्षणी पोरीची धावपळ नको, एवढाच हेतू. मुंगी शाळेच्या मैदानावरून खेळून आली, तिनं दाराजवळची बॅग बघितली, मग आजीकडे बघितलं आणि पुन्हा “चालेल”वर आली. जेवताना आमटी हवी का तर चालेल, झोपायचं का तर चालेल.

औषधवाला मात्र पास झाला. आनंदाच्या भरात तो परीक्षा घेणाऱ्या साहेबांना खोकल्याचं औषध देऊन आला. त्यांना खोकला नव्हता.

रविवारी मामा आला तो नव्या लांबलचक गाडीतून. माणूस मोकळा, हसरा, बोलताना दोन्ही हात वापरणारा. “चला, आधी एक चक्कर मारू,” तो म्हणाला. “काकू, आज तुम्ही नुसत्या बसा. कितीतरी वर्षांत कोणी तुम्हाला फिरवलं नसेल.”

बाई पुढे बसल्या, मुंगी मागे. गाडी निघाली आणि पहिल्याच वळणावर मामा मान मागे वळवून म्हणाला, “मुंगे, तुझ्या खोलीला कुठला रंग देऊ या?”

धप्प. बाईंचा पाय.

त्याच क्षणी मागून दुसरा आवाज आला. धप्प.

बाईंनी कान टवकारले. मामाला काही कळलं नाही. “पिवळा चालेल? का निळा?” समोर एक सायकलवाला गल्लीतून तिरका बाहेर आला. मामानं त्याला अगदी वेळेवर, पण फार जवळून चुकवलं.

धप्प. धप्प.

“काय वाजतंय?” मामा म्हणाला. “नवी गाडी आहे हो. कालच तर तपासून घेतली.”

बाईंनी हळूच मागे बघितलं. मुंगी सीटच्या टोकावर बसली होती, डोळे रस्त्यावर, दोन्ही हातांनी पुढची सीट धरलेली, आणि उजवा पाय पुढे ताणून पायपुसण्यावर गच्च दाबलेला. तिथे ब्रेक नव्हता. बाईंच्या गाडीतही मागे कधी ब्रेक नव्हता. इतके महिने पोर मागे बसून प्रत्येक औषधवाल्यासाठी, प्रत्येक कबुतरासाठी आजीबरोबर पाय दाबत आली होती आणि आजीला त्याचा पत्ताही नव्हता.

“मामा,” मुंगी म्हणाली, “तू आरशात बघितलंच नाहीस.”

“बघितलं की.”

“केव्हा? आरसा काय भांग पाडायला आहे का?”

मामानं बाईंकडे बघितलं. बाईंनी खिडकीबाहेर. बाजारातला रस्ता लागला आणि मग काही विचारू नका. हातगाडी, धप्प धप्प. म्हातारा आणि कुत्रा, धप्प धप्प. चौकातून वळताना मामानं इंडिकेटर दिला नाही, तेव्हा मागून एक हात खिडकीबाहेर लांब आला आणि “पॉंप पॉंप” ऐकू आलं. मामाच्या कपाळावर घाम फुटला. एका बाजूनं धप्प, मागून धप्प, त्याला वाटायला लागलं की आपण आजवर जिवंत राहिलो हेच नवल. शेवटी त्यानं गाडी झाडाखाली घेतली आणि बंद केली.

“तुम्ही दोघी,” तो म्हणाला आणि हसत सुटला. हसून झाल्यावर डोळे पुसत मागे वळला. आता गाडी थांबलेली होती म्हणून कोणी पाय दाबला नाही. “मुंगे, एक खरं सांग. तुला यायचंय ना माझ्याकडे? सगळ्यांनी ठरवलं, पण तुला कोणी विचारलंच नव्हतं.”

मुंगीनं आजीकडे बघितलं. बाई समोर बघत होत्या. शिकाऊला प्रश्न विचारला की उत्तर आपण देऊ नये, हा त्यांचा नियम. पण उजवा पाय नवीन गाडीच्या तळाला गच्च रुतला होता.

“तू का बोलत नाहीस?” मुंगी एकदम ओरडली. “नको तिथे बोलतेस, आता का नाही बोलत?”

“मी काय बोलू? तुझं तू ठरव. कप्पा तर तूच रिकामा केलास!”

“काकांची परीक्षा होती! गाडीत सामान दिसलं की साहेब चिडतात, तूच म्हणतेस! माझ्या सशामुळे काका चौथ्यांदा नापास झाले असते! आणि तू बॅग दाराशी नेऊन ठेवलीस!”

“तू आवरलीस म्हणून ठेवली!”

“तू ठेवलीस म्हणून मला वाटलं, तू जा म्हणतेस!”

मामा एकदा पुढे, एकदा मागे बघत होता.

“म्हण ना मग,” मुंगी म्हणाली.

“काय म्हणू?”

“राहा म्हण!”

“राहा,” बाई म्हणाल्या. एवढ्याशा शब्दाला त्यांना पहिल्या गिअरमध्ये घाट चढल्यासारखे कष्ट पडले.

“आत्ता म्हणतेस!” असं म्हणून मुंगी ढसाढसा रडायला लागली. या घरात आल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. बाईंचा हात मागे गेला आणि तिच्या पाठीवर पडला. या वेळी तो पोक काढू नकोस म्हणाला नाही.

मामानं किल्ली काढून पुढे केली. “काकू, घरी तुम्ही चालवता का गाडी?” तो म्हणाला. “माझे पाय गळलेत.”

बाईंनी चालवली. मामा शेजारच्या सीटवर बसला आणि बाजारातून जाताना त्याचाही पाय दोनदा दाबला गेला. बाईंनी ते पाहिलं, पण पाहुणा म्हणून सोडून दिलं.

दुपारी तो गेला. सुट्टीत मुंगीला पंधरवडाभर पाठवायचं, असं ठरलं. औषधवाला पेढ्यांचा नव्हे, आल्याच्या गोळ्यांचा पुडा घेऊन आला. पास झालो खरा, पण एकट्यानं चालवायची भीती वाटते, तेव्हा दोघी रोज संध्याकाळी गाडीत बसाल का, असं त्यानं विचारलं. “मागच्या सीटची फी वेगळी पडेल,” मुंगीनं बजावलं.

मग तिनं ससा, डबी आणि मोजा परत पुढच्या कप्प्यात ठेवले. फ्रॉक मात्र वर नेऊन कपाटातल्या खणात लावले, बाईंनी न सांगता. रिकामी बॅग घेऊन ती खाली आली आणि डिकी उघडून तिनं ती जादा चाकाशेजारी कोंबली.

“तिथे कशाला?” बाईंनी विचारलं.

“असू दे. मामाकडे जायला लागेल.”

“मग कपाटावर टाक की.”

“तुलापण यायचंय ना? तुझे कपडे काय पिशवीतून नेणार?” मुंगीनं डिकी आपटून लावली. “आणि मामाला सांग, गाडी आपली घेऊन येतो म्हणून. त्याच्या गाडीत मी बसणार नाही. पाय दुखतो.”

ती हात लांब काढून, मागे बघून, घराकडे वळली. बाई तिच्या मागोमाग निघाल्या. वळताना त्यांनीही हात दाखवला.